छातीचा रिपोर्ट आणि केसपेपर: वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत खोकला, दमा आणि छातीचे एक्स-रे यांचे प्रमाण वाढते. यंदाच्या पत्रांत मात्र एक गोष्ट विशेष जाणवली. बहुतेक वाचकांनी आजाराविषयी विचारण्याआधी कागदावरच्या शब्दांविषयी विचारले आहे. हल्ली रिपोर्ट थेट मोबाइलवर येतो, डॉक्टरांची वेळ दोन दिवसांनंतरची मिळते आणि मधल्या काळात घरातली माणसे एकेका शब्दाचा अर्थ लावत काळजीने झुरतात. म्हणून या अंकात श्वसनसंस्थेच्या वैद्यकीय परिभाषेविषयीची पत्रे एकत्र घेतली आहेत.

उत्तरे वाचताना एक भेद ध्यानात ठेवावा, अशी विनंती आहे. काही शब्द रुग्णाला काय होते ते सांगतात, काही शब्द डॉक्टरांना तपासताना काय आढळले ते सांगतात, काही शब्द यंत्राने काय दाखवले ते सांगतात आणि या सगळ्यांचा मेळ घालून जो आजार ठरतो त्याचे नाव अगदी शेवटी येते. पहिल्या तीन प्रकारांतला शब्द आजाराचे नाव समजून वाचला की विनाकारण धास्ती बसते. याच्या उलटही घडते आणि ते अधिक वाईट असते: खरी धोक्याची खूण वर्णनाचा एक साधा शब्द समजून बाजूला ठेवली जाते.

प्रश्न: माझ्या यजमानांचे वय ५८ आहे. खोकला तीन आठवडे हटला नाही, म्हणून छातीचा एक्स-रे काढला. रिपोर्टमध्ये लिहिले आहे, ‘ब्राँकोव्हॅस्क्युलर मार्किंग्ज प्रॉमिनंट. बोथ सीपी अँगल्स क्लिअर. फायब्रोटिक स्ट्रँड्स इन राइट अप्पर झोन. क्लिनिकल कोरिलेशन सजेस्टेड.’ शेजारचे म्हणतात की हे कर्करोगाचे लक्षण असू शकते. आम्ही काय समजावे?
एक वाचिका, डिचोली

उत्तर: आपण लिहून पाठवलेल्या चार वाक्यांत आजाराचे नाव एकदाही आलेले नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. चारही वाक्ये चित्राचे वर्णन करतात.

एक्स-रेच्या चित्रात हवा काळी दिसते आणि हाड, द्रव किंवा घट्ट झालेला भाग पांढरा दिसतो. निरोगी फुप्फुसात हवा भरलेली असल्यामुळे ते काळे दिसते. त्या काळ्या भागात छातीच्या मध्यावरून बाहेरच्या बाजूला फाकत जाणाऱ्या पांढुरक्या रेषा असतात. त्या मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या सावल्या असतात आणि त्यांच्या सोबतीला श्वासवाहिन्यांच्या भिंती असतात. ‘ब्राँकस’ म्हणजे श्वासवाहिनी आणि ‘व्हॅस्क्युलर’ म्हणजे रक्तवाहिन्यांसंबंधीचे. या रेषा प्रत्येक माणसाच्या चित्रात असतात. ‘प्रॉमिनंट’ म्हणजे त्या नेहमीपेक्षा ठळक दिसल्या, एवढेच. धूम्रपान करणाऱ्यांत, जुन्या ब्राँकायटिसमध्ये (श्वासवाहिन्यांच्या सुजेत) किंवा हृदयाचे काम मंदावल्यामुळे फुप्फुसांत रक्त तुंबले तर त्या ठळक होतात. परंतु तंत्रज्ञाने ‘श्वास घ्या, रोखून धरा’ असे सांगितल्यावर ज्याला खोकला आवरला नाही आणि ज्याने श्वास अर्ध्यावर सोडला, त्याच्याही फुप्फुसांत त्या दाटीवाटीने दिसतात. माझ्या मते हा शब्दप्रयोग रिपोर्टांत जरा सढळ हाताने वापरला जातो. बाकी काही नसेल तर केवळ त्यावरून घाबरण्याचे कारण नाही.

‘सीपी अँगल’ म्हणजे कॉस्टोफ्रेनिक अँगल, अर्थात बरगड्या आणि श्वासपटल जिथे मिळतात तो खालचा टोकदार कोपरा. फुप्फुसाभोवती दोन पदरी आवरण असते, त्याला प्लुरा किंवा फुप्फुसावरण म्हणतात. त्या दोन पदरांमध्ये पाणी साचू लागले की उभ्या माणसात ते सर्वांत आधी खाली उतरते. हा कोपरा बोथट दिसण्यासाठी साधारणतः २०० मिलिलिटर द्रव साचावा लागतो. आपल्या यजमानांच्या चित्रात दोन्ही कोपरे ‘क्लिअर’ आहेत, म्हणजे तितके पाणी तिथे नाही. हे वाक्य चांगली बातमी सांगणारे आहे.

आता तिसरे वाक्य, जे खरोखर लक्ष देण्यासारखे आहे. ‘फायब्रोटिक स्ट्रँड्स’ म्हणजे वणाच्या तंतूंसारख्या रेषा. कातडीवरची जखम भरून आल्यावर जसा वण राहतो तसा फुप्फुसातही राहतो. ‘राइट अप्पर झोन’ म्हणजे चित्रातला उजव्या फुप्फुसाचा वरचा एक तृतीयांश भाग. उजव्या फुप्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन खंड असतात, त्यांना ‘लोब’ म्हणतात. पण समोरून काढलेल्या सपाट चित्रात ते खंड एकमेकांवर येतात, म्हणून रेडिओलॉजिस्ट खात्री नसताना ‘लोब’ न म्हणता ‘झोन’ म्हणतात. ही त्यांची काटेकोरी आहे. वरच्या भागातले असे वण आपल्याकडे पुष्कळदा पूर्वी होऊन गेलेल्या क्षयरोगाचे असतात, आणि कित्येकांना तो कधी होऊन गेला हे ठाऊकही नसते. काही रिपोर्टांत याच ठिकाणी ‘ओल्ड हील्ड कॉक्स’ असे लिहितात. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्यांच्या नावावरून आपल्या देशातले डॉक्टर क्षयाला ‘कॉक्स’ म्हणतात, कारण ‘टीबी’ हा शब्द रुग्णाच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वाचावा असे त्यांना वाटत नाही. हेतू चांगला असला तरी कित्येक घरांत या शब्दामुळे आजाराचे गांभीर्यच कळत नाही, असे मी पाहिले आहे.

वण जुना आहे की त्याच्या आडून आजार पुन्हा जागा झाला आहे, हे एका चित्रावरून सांगता येत नाही, आणि म्हणूनच शेवटचे वाक्य आले आहे. ‘क्लिनिकल कोरिलेशन’ म्हणजे रेडिओलॉजिस्टने हात झटकले, असे अजिबात नाही. त्याने चित्र पाहिले आहे, माणूस पाहिलेला नाही. ताप, वजनातली घट, रात्रीचा घाम, थुंकीतले रक्त यांची विचारपूस ज्यांनी केली आहे त्यांनी या चित्राचा अर्थ लावावा, असे तो सांगतो. आपण दोन गोष्टी कराव्यात. घरात जुना एक्स-रे असेल तर तो शोधून सोबत न्यावा, कारण पाच वर्षांपूर्वीच्या चित्रात हेच तंतू जसेच्या तसे असतील तर अर्धी चिंता तिथेच मिटते. दुसरे म्हणजे, खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला असल्याने थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाखाली ती सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. ‘सीबीनॅट’ ही तपासणी जंतूचे अस्तित्व तर सांगतेच, शिवाय रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला तो जंतू दाद देईल की नाही, हेही सांगते. कर्करोगाविषयी म्हणाल तर आपण पाठवलेल्या वर्णनात तसा संशय व्यक्त करणारा शब्द नाही. तरीही यजमान धूम्रपान करीत असतील तर ते डॉक्टरांना न लपवता सांगावे.

प्रश्न: मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. माझे शालेय शिक्षण मराठीतून झाले. डिस्प्निया, टॅकिप्निया, ऑर्थोप्निया, ॲप्निया हे शब्द पाठ केले तरी वॉर्डमध्ये गेल्यावर गोंधळ होतो. लक्षात ठेवण्याची काही रीत आहे का?
एक विद्यार्थिनी, बांबोळी

उत्तर: शब्द तोडून वाचण्याची सवय लावा, पाठांतराची गरज बरीच कमी होईल. ‘प्निया’ हा शेपटीचा भाग श्वास या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला आहे. पुढचा भाग श्वास कसा आहे ते सांगतो. ‘टॅकी’ म्हणजे जलद, ‘ब्रॅडी’ म्हणजे मंद, ‘अ’ म्हणजे अभाव, ‘ऑर्थो’ म्हणजे ताठ आणि ‘डिस’ म्हणजे कष्टाचा. विश्रांत अवस्थेतला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. त्याहून अधिक झाला तर टॅकिप्निया, कमी झाला तर ब्रॅडिप्निया आणि थांबला तर ॲप्निया. आडवे पडल्यावर धाप लागते आणि उठून बसल्यावर बरे वाटते, ती अवस्था ऑर्थोप्निया. अशा रुग्णाला विचारताना ‘किती उशा घेऊन झोपता?’ हा प्रश्न सर्वांत उपयोगी पडतो. पणजीत १८४२ साली वैद्यकीय शाळा सुरू झाली तेव्हा शिक्षण पोर्तुगीजमधून होत असे आणि पोर्तुगीजमध्येही हेच शब्द थोड्या उच्चारभेदाने आहेत. आज आपण ते इंग्रजीच्या वाटेने शिकतो, पण मूळ साचा तोच आहे. तो एकदा हाती आला की कोणत्याही भाषेतले पुस्तक अडत नाही.

मात्र तुमचा वॉर्डमधला गोंधळ वेगळ्या कारणाने होत असावा, असे मला वाटते. टॅकिप्निया ही मोजण्याची गोष्ट आहे आणि डिस्प्निया ही रुग्णाला जाणवण्याची गोष्ट आहे. पहिली तुम्ही घड्याळ लावून ठरवता, दुसरी फक्त रुग्णच सांगू शकतो. ताप चढलेला मुलगा मिनिटाला ३० वेळा श्वास घेत असतो, पण त्याला धाप लागल्याची जाणीव नसेलही. याउलट एखाद्या आजीबाईचा श्वास १८ असतो आणि तरी त्या ‘जीव घुसमटतो’ म्हणतात. त्यांच्या कागदावर डिस्प्निया लिहायलाच हवा. आकडा ठीक आहे म्हणून तक्रार खोटी ठरत नाही.

श्वास मोजताना पूर्ण एक मिनिट मोजा. मोजत आहोत हे रुग्णाला सांगू नका, कारण कळले की श्वासाची लय बदलते. नाडी धरलेला हात तसाच ठेवून छातीकडे किंवा पोटाकडे पाहावे, ही जुन्या परिचारिकांची रीत आजही सर्वोत्तम आहे. लहान मुलांत तर हा आकडा जीव वाचवतो. खोकला असलेल्या बाळाचा श्वास दोन महिन्यांच्या आतील वयात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार तो जलद समजला जातो आणि न्यूमोनियाची शंका घ्यावी लागते. यासाठी एकही यंत्र लागत नाही.

‘न्यूमो’ या उपसर्गाकडे मात्र जपून पाहा, कारण तो कधी फुप्फुस सांगतो आणि कधी हवा. न्यूमोनियात तो फुप्फुस आहे. न्यूमोथोरॅक्समध्ये तो हवा आहे: छातीच्या पोकळीत, फुप्फुसाच्या बाहेर, जिथे ती असता कामा नये तिथे शिरलेली हवा. त्याच जागी रक्त साचले तर हिमोथोरॅक्स आणि पू साचला तर पायोथोरॅक्स, ज्याला रोजच्या भाषेत एम्पायमा म्हणतात. शस्त्रक्रियांच्या नावांत ‘टॉमी’ म्हणजे छेद, ‘ऑस्टॉमी’ म्हणजे उघडे ठेवलेले तोंड आणि ‘एक्टमी’ म्हणजे काढून टाकणे. त्यामुळे ट्रॅकिऑस्टॉमी झालेल्या रुग्णाच्या गळ्याशी श्वासनलिकेला केलेले तोंड असते, आणि लोबेक्टमी झालेल्याच्या फुप्फुसाचा एक खंड काढलेला असतो. ट्रॅकिऑस्टॉमीच्या रुग्णाचा आवाज उमटत नाही, कारण हवा स्वरयंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच बाहेर पडते. त्याच्या हाताशी पाटी किंवा वही ठेवायला कुणी सांगितले नाही तरी ठेवा.

प्रश्न: मी खनिजवाहू ट्रकवर अनेक वर्षे चालक होतो. आता चढ चढताना धाप लागते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘न्यूमोकोनिऑसिस’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले आहे. पीएफटीच्या कागदावर ‘रिस्ट्रिक्टिव्ह पॅटर्न’ असे आहे. प्रश्नचिन्हाचा अर्थ काय, आणि माझा दमा कोणत्या प्रकारचा?
एक वाचक, साखळी

उत्तर: प्रश्नचिन्हाचा अर्थ असा की डॉक्टरांनी हा आजार विचारात घेतला आहे, पण तो सिद्ध झालेला नाही. ‘न्यूमोकोनिऑसिस’ हे एका आजाराचे नाव नसून धूळ फुप्फुसांत साठून होणाऱ्या आजारांच्या कुळाचे नाव आहे. कोणती धूळ, यावर पुढचे नाव ठरते. लोहाच्या धुळीने होतो तो सिडेरॉसिस. त्यात एक्स-रेवर ठिपके भरपूर दिसतात, पण निव्वळ लोहाची धूळ असेल तर श्वासावर परिणाम बहुधा कमी असतो. वाळूतल्या आणि दगडातल्या सिलिकाच्या धुळीने होतो तो सिलिकॉसिस. हा फुप्फुसांत कायमचे वण निर्माण करतो, धुळीचे काम सुटल्यावरही वाढू शकतो आणि क्षयरोगाचा धोका वाढवतो. आपल्याकडच्या खाणींतली धूळ एकजिनसी नसते. म्हणून आपण कोणत्या ठिकाणी काम केले, गाडी भरताना खाली उतरत होता का, केबिनच्या काचा उघड्या असत का, बार्जवर (नदीतून खनिज नेणाऱ्या बोटीवर) माल चढवण्याच्या जागी किती वेळ थांबावे लागे, हे सारे डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. गोव्यातल्या खाणी २०१२ साली बंद झाल्या, नंतर सुरू होऊन २०१८ साली पुन्हा थांबल्या. त्यामुळे ‘आता मी धुळीत नाही’ असे सांगून बरेच जण हा इतिहासच वगळतात. धूळ फुप्फुसांत असते तोवर तो इतिहास संपलेला नसतो. न्यूमोकोनिऑसिस हा कायद्याने कळवणे बंधनकारक असलेला व्यवसायजन्य आजार आहे. निदान पक्के झाल्यास त्याची रीतसर नोंद व्हावी, असा आग्रह आपण धरावा. तो आपला हक्क आहे.

आता पीएफटी. ‘पल्मनरी फंक्शन टेस्ट’ म्हणजे फुप्फुसांच्या कार्यक्षमतेची चाचणी. तिच्यातला मुख्य भाग स्पायरोमेट्रीचा. जॉन हचिन्सन या इंग्रज शल्यविशारदांनी १८४६ साली दोन हजारांहून अधिक माणसांची मोजमापे प्रसिद्ध करून त्यासाठीचे स्पायरोमीटर हे यंत्र रूढ केले. पूर्ण श्वास घेऊन जोराने, शेवटच्या थेंबापर्यंत फुंकायचे असते. बाहेर पडलेली एकूण हवा म्हणजे एफव्हीसी, आणि त्यातली पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा म्हणजे एफईव्ही-वन. या दोहोंच्या गुणोत्तरावर सारा अर्थ अवलंबून आहे. तोंड अरुंद असलेली मोठी बाटली आणि तोंड ठीक असलेली लहान बाटली, या दोन्हींतून पाणी कमीच पडते, पण कारण वेगळे असते. दमा आणि सीओपीडी (श्वासवाहिन्या कायमच्या अरुंद करणारा दीर्घकाळचा आजार) यांत तोंड अरुंद झालेले असते. हवा असते, पण ती वेळेत बाहेर पडत नाही, म्हणून पहिल्या सेकंदाचा वाटा घटतो. श्वासवाहिन्या रुंद करणारे औषध घेतल्यावरही हे गुणोत्तर ०.७० च्या खाली राहिले तर सीओपीडीचा विचार करतात. याला ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह’ म्हणतात. ‘रिस्ट्रिक्टिव्ह’मध्ये फुप्फुसे पुरेशी फुलतच नाहीत. एकूण हवाच कमी असते आणि गुणोत्तर ठीक दिसते.

त्यामुळे ‘माझा दमा कोणत्या प्रकारचा’ या प्रश्नाचे उत्तर असे आहे की या कागदावरून आपल्याला दमा आहे असे दिसत नाही. धाप लागणे ही तक्रार आहे आणि दमा हा आजार आहे. आपल्याकडे दोन्हींना एकच शब्द वापरायची सवय आहे आणि तीतून चुकीची औषधे वर्षानुवर्षे घेतली जातात. एक इशाराही देतो. फुंकताना माणूस मध्येच थांबला तरीही कागदावर ‘रिस्ट्रिक्टिव्ह’ असे उमटू शकते. म्हणून चाचणी नीट झाली होती का, हे विचारा. लागल्यास पुन्हा करा आणि फुप्फुसांची एकूण क्षमता मोजणारी पुढची तपासणी तसेच एचआरसीटी स्कॅन (फुप्फुसांचे बारकावे दाखवणारा सीटी स्कॅन) यांविषयी छातीविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्या.

प्रश्न: माझा मुलगा म्हापशाजवळ एका बेकरीत काम करतो. वर्षभरापासून त्याला कामावर असताना शिंका येतात आणि रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. डॉक्टरांनी ‘व्हीझ’ आणि ‘ऱ्होंकाय’ लिहून ‘ऑक्युपेशनल ॲस्थमा’ असे निदान केले व पंप दिला. पंपाची सवय लागते, असे सगळे म्हणतात.
एक वाचिका, पेडणे

उत्तर: व्हीझ आणि ऱ्होंकाय हे आवाजांचे शब्द आहेत. रने लेनेक या फ्रेंच डॉक्टरांनी १८१६ साली कागदाची सुरळी छातीला लावून आवाज ऐकला. पुढे लाकडी नळी केली, आणि तिथून छातीतल्या आवाजांना नावे देण्याची पद्धत रुजली. व्हीझ हा उंच पट्टीतला शिट्टीसारखा आवाज असतो, ऱ्होंकाय घोरल्यासारखा खालच्या पट्टीतला, आणि ‘क्रेप्स’ म्हणजे कानाजवळ केस चुरगाळल्यासारखी बारीक कुरकुर. व्हीझ मुख्यतः श्वास सोडताना येतो, कारण अरुंद झालेल्या श्वासवाहिन्या तेव्हा अधिकच आवळतात. श्वास आत घेताना गळ्याशी कर्कश आवाज येत असेल तर तो व्हीझ नव्हे. त्याला ‘स्ट्रायडर’ म्हणतात. वरच्या मोठ्या मार्गात अडथळा असल्याची ती खूण असते आणि तिथे सकाळची वाट पाहू नये.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी. दम्याच्या तीव्र झटक्यात शिट्टी अचानक थांबली, पण मुलगा बोलू शकत नाही, मानेचे स्नायू ताणले गेले आहेत, ओठ निळसर आहेत, अशी स्थिती असेल तर तो आराम पडल्याचा पुरावा नाही. आवाज निर्माण होण्याइतकीही हवा फिरत नाही, असा त्याचा अर्थ. डॉक्टर याला ‘सायलेंट चेस्ट’ म्हणतात. तेव्हा १०८ ला फोन करावा.

निदानाविषयी सांगायचे तर पिठाच्या धुळीने होणारा दमा जगभर परिचित आहे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्यांनी १७०० सालीच पाव भाजणाऱ्यांच्या खोकल्याविषयी लिहून ठेवले आहे. आपल्या पोदेरांचे (गोव्यातल्या पाव भाजणाऱ्यांचे) काम पहाटेपूर्वी, बंद जागेत, भट्टीच्या उष्णतेत चालते. पोळ्या आणि उंडे हे पाव थापताना फळीवर पीठ भुरभुरले जाते, रिकामी पोती झटकली जातात, शेवटी कोरड्या झाडूने लादी झाडली जाते आणि प्रत्येक वेळी बारीक पीठ नाकाच्या उंचीवर तरंगत राहते. गव्हातील प्रथिने आणि कणकेत घालण्याची काही विकरे (एन्झाइम) यांची ॲलर्जी त्यातून जडते. आधी शिंका, मग काही महिन्यांनी दमा, हा क्रम नेहमीचा आहे. सुट्टीच्या दिवशी बरे वाटते का, हे विचारून पाहा. उत्तर ‘हो’ असेल तर निदानाला बळकटी येते. झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसणे, पोती न झटकणे, पीठ टाकताना उंचावरून न ओतणे आणि मापाचा एन-९५ मास्क वापरणे, या उपायांनी फरक पडतो. तरीही त्रास वाढत गेला तर काम बदलण्याचा विचार करावा लागतो, हे मी स्पष्टच लिहितो. पिढीजात धंद्यात हे सांगणे सोपे नसते.

पंपाची सवय लागत नाही. इन्हेलरमधून औषध थेट श्वासवाहिन्यांत जाते, त्यामुळे गोळीपेक्षा फारच कमी मात्रा पुरते. दोन शब्द मात्र ओळखून ठेवा. ‘रिलीव्हर’ तात्पुरता आराम देतो. ‘कंट्रोलर’ सूज कमी करतो आणि तो बरे वाटत असतानाही नियमाने घ्यायचा असतो. आपल्याकडे बहुतेकजण कंट्रोलर सोडून देतात आणि रिलीव्हर वाढवत नेतात, आणि झटके त्यातूनच येतात. कंट्रोलर घेतल्यावर चूळ भरावी, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येऊ शकतात.

प्रश्न: चवथीला आलेल्या माझ्या दोन वर्षांच्या नातवाला काजू खाताना ठसका लागला. त्या दिवसापासून तो खोकतो. डॉक्टरांनी ‘फॉरिन बॉडी ब्राँकस’ची शंका घेऊन ब्राँकोस्कोपी सुचवली आहे. एक्स-रेत तर काहीच दिसले नाही.
एक आजोबा, फोंडा

उत्तर: ‘फॉरिन बॉडी’ म्हणजे शरीरात बाहेरून शिरलेली कोणतीही वस्तू. इथे ती काजूचा तुकडा असावी. काजू, शेंगदाणे किंवा बिया एक्स-रेत दिसत नाहीत, नाणे किंवा पिन दिसते. त्यामुळे ‘एक्स-रेत काही नाही’ हे इथे आश्वासन ठरत नाही. गिळताना स्वरयंत्रावर एपिग्लॉटिसचे झाकण पडते आणि घास अन्ननलिकेत जातो. बोलताना, हसताना, धावताना खाल्ले की ही वेळ चुकते. श्वासनलिका पुढे दोन मुख्य श्वासवाहिन्यांत विभागते. त्यांपैकी उजवी अधिक रुंद, आखूड आणि उभी असते, म्हणून मोठ्या माणसांत विशेषतः वस्तू उजवीकडे उतरते. लहान मुलांत ती कोणत्याही बाजूला जाऊ शकते. ब्राँकोस्कोपी म्हणजे दुर्बिणीने श्वासवाहिनी आतून पाहणे, आणि त्याच वेळी तुकडा काढताही येतो. ती लांबणीवर टाकू नका. अडकलेला दाणा फुगतो, भोवती सूज येते आणि पुढे त्याच जागी वारंवार न्यूमोनिया होतो.

प्रश्न: आईला सीओपीडी आहे. घरी ऑक्सिमीटरवर ९० दिसते, म्हणून आम्ही ऑक्सिजन वाढवला. डॉक्टर रागावले. डिस्चार्ज कार्डावर ‘एमएमआरसी ग्रेड ३’ आणि ‘टार्गेट एसपीओ२ ८८–९२’ असे आहे.
एक वाचक, मडगाव

उत्तर: निरोगी माणसात एसपीओ२, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनवर ऑक्सिजनचा भरणा, साधारण ९५ ते १०० टक्के असतो. सीओपीडीच्या काही रुग्णांत मात्र कार्बन डायॉक्साइड शरीरात साठून राहण्याची प्रवृत्ती असते. ऑक्सिजन गरजेपेक्षा अधिक दिला तर तो वायू आणखी साठतो. रुग्ण आधी सुस्त होतो, मग गुंगीत जातो. घरच्यांना वाटते की आईला शांत झोप लागली. म्हणून अशा रुग्णांसाठी ८८ ते ९२ हे लक्ष्य ठरवतात. आपल्या आईसाठी ९० हा योग्य आकडा आहे. नखांना रंग असेल, बोटे गार पडली असतील किंवा हात हलत असेल तर आकडा चुकतो, हेही ध्यानात ठेवा.

‘एमएमआरसी’ ही धाप मोजण्याची शून्य ते चार अशी श्रेणी आहे. फक्त जोराच्या श्रमानेच धाप लागत असेल तर शून्य. सपाट रस्त्यावर घाईने किंवा लहानशा चढावर, समजा पणजीतल्या आल्तिन्होच्या चढावर, धाप लागली तर एक. आपल्या वयाच्या माणसांपेक्षा सपाटीवरही हळू चालावे लागले, किंवा आपल्या चालीने चालतानाही दम घेण्यासाठी थांबावे लागले, तर दोन. शंभर मीटर किंवा काही मिनिटे चालल्यावर थांबावे लागले तर तीन. कपडे बदलतानाही धाप लागते आणि घराबाहेर पडणे होत नाही, ती चार. प्रत्येक भेटीच्या आधी आई घरापासून कुठवर जाऊन थांबली, तुळशीपर्यंत, दुकानापर्यंत की बस थांब्यापर्यंत, हे तारखेसह लिहून ठेवा आणि तो कागद ऑक्सिमीटरच्या नोंदींसोबत डॉक्टरांना दाखवा. ऑक्सिजनचे लिटर मात्र त्यांनी कार्डावर लिहून दिल्याशिवाय बदलू नका. आई दिवसा अवेळी झोपाळू होऊ लागली, सकाळी डोके दुखते म्हणू लागली किंवा बोलण्यात घोळ जाणवला तर आकडा ठीक असला तरीही त्याच दिवशी दाखवायला न्या.